हॅवलॉकला दोघांचा पहिला स्कूबा डाइव्ह: तारीख ठरवण्यापासून पाण्याबाहेर येईपर्यंत

अंदमानच्या सहलीत स्कूबा, म्हणजे सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली उतरणं, बहुतेक वेळा शेवटच्या सकाळी कोंबलेला असतो. सेल्युलर जेल झालं, राधानगरचा किनारा झाला, नील बेट झालं, वेळ उरलाय तर ‘तेही करून घेऊ’. हा क्रमच उलटा हवा. पोहता न येणाऱ्या, समुद्राची सवय नसलेल्या जोडप्यालाही हॅवलॉक बेटाच्या उथळ पाण्यात पहिला डाइव्ह आरामात करता येतो. फक्त त्याची तयारी घरून निघण्याआधी सुरू करावी लागते.

नावांचा घोळ आधीच मिटवू. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवं नाव दिसलं म्हणून गोंधळू नका. बोलताना सगळे अजून जुनीच नावं घेतात, इथेही तीच वापरली आहेत.

१. आधी परतीचं विमान बघा, मग डाइव्हची तारीख धरा

पाण्याखाली दाबाने घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो, पण त्याला काही तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना विमानात बसलात तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, क्वचित याहून गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून एकच डाइव्ह केला असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस केले असतील तर किमान १८ तास थांबायचं. बरीच सेंटर सरसकट २४ तास सांगतात, तेवढेच धरून चाला.

सोयीचा क्रम असा: पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक, तिसऱ्या सकाळी डाइव्ह. चौथा दिवस राखीव. समुद्र खवळला, कोणाला सर्दी झाली, तर हा दिवस कामी येतो. काहीच बिघडलं नाही तर तो राधानगरला घालवा.

हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यातही जानेवारी ते एप्रिल समुद्र जास्त शांत असतो आणि पाणी स्वच्छ. पाण्याचं तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास राहतं, त्यामुळे थंडीची काळजी नाही. जून ते सप्टेंबर स्कूबासाठी तिकिटं काढूच नका.

मालवण-तारकर्लीला डाइव्ह करून त्याच दिवशी गाडीने घाट चढणाऱ्यांनाही दाब कमी होण्याचं हे गणित लागू पडतं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. चार-पाच मीटरच्या छोट्या डुबकीनंतर धोका फार नसतो, तरी मुक्काम किनाऱ्यावर करून सकाळी घाट चढलेला बरा.

२. नेमकं काय बुक करायचं

‘स्कूबा’ या एका शब्दाखाली बऱ्याच गोष्टी विकल्या जातात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हवा असतो तो ट्राय डाइव्ह, म्हणजेच पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या भाषेत डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग किंवा थोडक्यात डीएसडी. त्याला प्रमाणपत्राची गरज नाही, पोहता येण्याची अट नाही, वय किमान १० वर्षं आणि खोलीची मर्यादा १२ मीटर. प्रत्यक्षात पहिल्या डाइव्हला ५ ते ८ मीटर पुरेसे होतात. बघण्यासारखं बरंचसं तिथेच असतं. सगळे मिळून अडीच-तीन तास धरा, त्यातला पाण्याखालचा वेळ अर्धा ते पाऊण तास.

तो दोन प्रकारे होतो. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, किंवा बोटीने जायचं. घाबरणाऱ्यासाठी किनारा चांगला, कारण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सराव होतो आणि तळ हळूहळू खोल जातो. हॅवलॉकची निमो रीफ यासाठीच वापरली जाते. बोटीने, म्हणजे तिथे डुंगी म्हणतात त्या लाकडी होडीने किंवा मोठ्या बोटीने गेलात तर लाइटहाउससारख्या जागी प्रवाळ आणि मासे जास्त बघायला मिळतात, पण पैसेही जास्त आणि बोट लागण्याची शक्यताही. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल ही नावं व्हिडिओत पाहून मागू नका. त्या जागा खोल आहेत आणि प्रमाणपत्र घेतलेल्या, अनुभवी डायव्हरसाठी आहेत.

अपेक्षा थोड्या जमिनीवर ठेवा. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानातलं बरंच उथळ प्रवाळ पांढरं पडून मेलं, नंतरही असे फटके बसले. शिवाय पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरून जातो. जाहिरातीतले भडक फोटो दिवे लावून किंवा नंतर रंग वाढवून केलेले असतात. मासे मात्र खरंच भरपूर असतात.

मालवणशी तुलना होतेच, म्हणून सांगतो. तिथे खर्च खूप कमी आणि घरापासून जवळ, पण पाणी बऱ्याचदा गढूळ, खाली राहण्याचा वेळ थोडा, आणि काही ठिकाणी सिलिंडर होडीवरच ठेवून लांब नळीने हवा देतात. ‘आवडतंय का बघू’ यासाठी ठीक. डायव्हिंग म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर पाठीवर सिलिंडर आणि शेजारी इन्स्ट्रक्टर हवा.

३. सेंटरला विचारायचे प्रश्न

हॉटेल किंवा टॅक्सीवाल्यामार्फत बुक केलंत तर डाइव्ह कोण घेणार हेच कळत नाही. सेंटरशी थेट बोला आणि एवढं विचारा:

- आमच्या दोघांसाठी इन्स्ट्रक्टर किती?
- तो पॅडी, एसएसआय किंवा तशा संस्थेचा प्रमाणित आहे का? क्रमांक द्याल का?
- उथळ पाण्यात सराव किती वेळ?
- बोटीवर किंवा किनाऱ्यावर ऑक्सिजन किट आहे का?
- समुद्र खराब असल्यास पैसे परत की दुसरी तारीख?
- फोटो-व्हिडिओ धरून दर किती?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दोघांत एक इन्स्ट्रक्टर असेल आणि एकाचे कान उघडले नाहीत, तर दोघांनाही वर यावं लागतं. मग ज्याच्यामुळे वर आलो तो ओशाळतो, दुसरा ‘काही नाही गं’ म्हणत हिरमुसतो आणि पुढच्या खेपेला त्रास होत असूनही सांगितलं जात नाही. प्रत्येकी एक इन्स्ट्रक्टर असेल तर ज्याला वर जायचंय तो जातो, दुसऱ्याचा डाइव्ह चालू राहतो. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. व्हिडिओवर खर्च करण्याआधी इथे करा.

४. मेडिकल फॉर्म घरीच भरून बघा

प्रत्येक सेंटर पाण्यात उतरण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. त्यात दहा मुख्य प्रश्न असतात. दमा, हृदयविकार, फिट्स, फुप्फुसाचा जुना आजार, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, मधुमेह, नुकतंच झालेलं कोणतंही ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर डॉक्टरची सही लागते. ती सही हॅवलॉकला ऐनवेळी मिळवायला जाऊ नका. फॉर्म सेंटरकडून आधीच मागवा आणि गरज असेल तर पुण्या-मुंबईतूनच, शक्यतो कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडून, सही घेऊन निघा.

लपवालपवी इथे महागात पडते. दम्यात हवा फुप्फुसाच्या एखाद्या भागात अडकली आणि वर येताना ती पसरली, तर फुप्फुस फाटू शकतं. दहा मीटरवर घेतलेला एक श्वास पृष्ठभागावर दुप्पट जागा मागतो.

नवविवाहितांसाठी मुद्दाम: गरोदरपणात डायव्हिंग अजिबात नाही. पाळी लांबली असेल तर निघण्याआधी घरी चाचणी करून घ्या. पाळी चालू असेल तर मात्र अडचण नाही, कप किंवा टॅम्पॉन वापरून डाइव्ह करता येतो. रक्ताने शार्क येतात ही अफवा आहे.

सर्दी म्हणजे डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण तिचा असर पाण्याखाली संपला तर कानात हवा कोंडते आणि वर येणंच कठीण होतं.

५. काय न्यायचं, काय खोलीवर ठेवायचं

न्यायचं:
- आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत (बोटीच्या तिकिटालाही लागतं)
- भरलेला मेडिकल फॉर्म, गरज असल्यास डॉक्टरची सही
- विम्याची पॉलिसी. त्यात स्कूबा आहे की ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलाय ते आधी वाचा
- आत घालायला पोहण्याचे कपडे किंवा अंगाबरोबरची लेगिंग आणि टी-शर्ट, टॉवेल, कोरडे कपडे
- रोख रक्कम, कारण नेटवर्क आणि एटीएम दोन्ही रुसतात
- व्हिडिओसाठी फोनमध्ये मोकळी जागा

मास्क, फिन्स म्हणजे पायात घालायचे पंख, वेटसूट, बीसीडी म्हणजे हवा भरायचं जॅकेट, रेग्युलेटर म्हणजे तोंडात धरून सिलिंडरची हवा घ्यायचं साधन आणि वजनाचा पट्टा सेंटर देतं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी गाळलेली हवा २०० बारच्या दाबाने भरलेली असते.

खोलीवर ठेवायचं: मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, कानातलं. पाण्यात बोटं आकसतात आणि लग्नातली अंगठी सुटून पडल्याचं कळतही नाही. जोडवी निघत असतील तर काढा, फिन्समध्ये टोचतात. चमकीचं टोक मास्कच्या रबराला किंवा नाक दाबताना आतून लागतं, तीही उतरवलेली बरी. केसांची खाली, मानेजवळ वेणी घाला. उंच अंबाडा मास्कच्या पट्ट्याला बसू देत नाही.

मिशी असेल तर नाकाखालची पट्टी तरी बारीक करा. मास्कचं रबर कातडीला चिकटलं पाहिजे, केसांवर बसलं की पाणी झिरपत राहतं. चष्मा असेल तर नंबर आधीच कळवा. काही सेंटरकडे नंबरचे मास्क असतात. सॉफ्ट लेन्स चालतात, पण मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटायचे. हार्ड लेन्स नकोत.

कानात कापूस, इअरप्लग काहीही घालायचं नाही. दाबाने ते आत ढकललं जातं.

६. घरी दहा मिनिटांचा सराव

पहिल्या डाइव्हला घाबरण्याचं मोठं कारण खोली किंवा मासे नसतं, नाकाने श्वास घ्यायची सवय असतं. मास्कमध्ये जरा पाणी आलं की माणूस नाकाने ओढतो, ठसका लागतो आणि धांदल उडते. त्यावर उपाय सोपा. बादलीत किंवा मोठ्या घमेल्यात पाणी घ्या, तोंडात स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी धरा, मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवा आणि फक्त तोंडाने वीस-पंचवीस श्वास घ्या. पहिल्या दोन-तीन वेळा नाकात पाणी जाईल, मग जमतं. शेजारी कोणीतरी असू द्या.

दुसरा सराव कानांचा. नाकपुड्या चिमटीत धरा, तोंड बंद, आणि नाकातून अगदी हलकं फुंका. दोन्ही कानांत बारीक ‘टक’ झालं की जमलं. फुंकून होत नसेल तर नाक दाबून आवंढा गिळून बघा. काहींना तसंच सोपं जातं.

आदल्या रात्री दारू नको, पाणी भरपूर प्या. सकाळी दोन तास आधी इडली, पोहे, केळं असं हलकं खा. अगदी उपाशीपोटी गेलात तर बोट जास्त लागते. बोट लागण्याच्या गोळीने झोप येते, म्हणून डाइव्हच्या दिवशी पहिल्यांदाच घेऊ नका, डॉक्टरांना विचारून आधी कधीतरी घेऊन बघा. अंदमानात पाचच्या सुमारास उजाडतं, वेळ सकाळी सहा-सातची मिळू शकते. किनाऱ्यावरचे डाइव्ह भरती-ओहोटी बघून ठरतात, त्यामुळे वेळेवरून घासाघीस करून उपयोग नाही.

७. उथळ पाण्यातला सराव आणि खुणा

इथे घाई होत असेल तर ती तुम्ही थांबवा, हा वेळ तुमच्या पैशांतलाच आहे. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून तीन गोष्टी जमल्याच पाहिजेत.

रेग्युलेटरने श्वास: माउथपीस दातांत हलकं धरा, करकचून चावलं की जबडा दुखतो. आत घेणं सावकाश, सोडणं त्याहून लांब. श्वास कधीही रोखायचा नाही, पूर्ण डाइव्हभर एकदाही नाही.

रेग्युलेटर निसटला तर: तो परत तोंडात घ्या, एक जोरदार श्वास सोडा किंवा पुढचं बटण दाबा, आतलं पाणी निघून जातं. तोंडात रेग्युलेटर नसताना बारीक बुडबुडे सोडत राहा.

मास्कमधलं पाणी काढणं: मान किंचित वर, मास्कची वरची कड कपाळाला दाबून धरा आणि नाकातून लांब श्वास सोडा. पाणी खालून निघतं. काच धूसर होऊ नये म्हणून उतरण्याआधी आतून थुंकी चोळून विसळतात. किळस वाटली तर सेंटरकडे बेबी शॅम्पू असतो.

खुणांमध्ये एकच सापळा आहे. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘मला वर जायचंय’. फोटोसाठी हौसेने अंगठा दाखवलात की इन्स्ट्रक्टर तुम्हाला वर घेऊन जाईल. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. काही बिनसलं तर हाताचा पंजा आडवा धरून डुलवायचा आणि मग कानाकडे, मास्ककडे, जिथे त्रास असेल तिथे बोट दाखवायचं.

८. कान: पहिले तीन मीटर

बहुतेकांचा डाइव्ह इथेच अडतो. जमिनीवर हवेचा जो दाब असतो तो दहा मीटरवर दुप्पट होतो, पण कानाला त्रास दीड-दोन मीटरवरच सुरू होतो, कारण पडद्यामागची हवा लगेच आकसू लागते आणि पडदा आत ओढला जातो. नाकातून कानाकडे जाणारी नळी उघडून तिथे हवा भरायची, की दुखणं थांबतं.

दुखायची वाट बघू नका. डोकं पाण्याखाली गेल्या गेल्या एकदा फुंका, मग साधारण दर अर्ध्या मीटरला. पाय खाली, डोकं वर ठेवून उतरलात तर सोपं जातं. दुखलंच तर थांबा, खूण करा, अर्धा-एक मीटर वर या, हलकं फुंका, ‘टक’ झालं की पुन्हा खाली. जोर लावून फुंकलं तर आतल्या कानाला इजा होऊ शकते, मग महिनोन्‌महिने शिट्टीसारखा आवाज आणि चक्कर. चार-पाच प्रयत्नांत नाहीच उघडलं तर त्या दिवशी डाइव्ह सोडा. एक कान उघडला आणि दुसरा नाही, तरीही तेच.

मास्क चेहऱ्यावर आवळल्यासारखा वाटला तर नाकातून थोडी हवा आत सोडा. तसं न केल्यास डोळ्यांत लाल डाग उठतात, आणि पोहण्याचा साधा गॉगल इथे का चालत नाही तेही यावरून कळेल: त्यात नाक बाहेर राहतं.

९. खाली गेल्यावर

उतरताना हात धरू नका, फोटोत कितीही छान दिसलं तरी. एकाचे कान उघडलेले, दुसऱ्याचे नाहीत. एक खाली जातोय, दुसरा वर ओढतोय. त्यात दोघांचेही तोल जातात. तळाशी दोघंही स्थिर झालात की इन्स्ट्रक्टर स्वतःच शेजारी आणतो, तेव्हा काय हवे ते फोटो काढा.

आदल्या दिवशी एक गोष्ट दोघांत ठरवून ठेवा. कोणीही, केव्हाही, कारण न सांगता वर जाऊ शकतं आणि त्यावर संध्याकाळी जेवताना चेष्टा नाही. जास्त धीट जोडीदाराने हे स्वतःहून म्हणावं.

छातीत धडधड झाली, हवा कमी पडतेय असं वाटलं तर बहुधा हवा संपलेली नसते, श्वास उथळ आणि भरभर चाललेला असतो. हातपाय थांबवा, इन्स्ट्रक्टरचा हात धरा आणि तीन श्वास मुद्दाम लांब सोडा. तरी नको वाटलं तर अंगठा वर. एकट्याने वर झेपावायचं मात्र नाही.

हात छातीशी किंवा बाजूला. प्रवाळाला हात, गुडघा, फिन काहीच लावायचं नाही. ते जिवंत आहे, आणि लायनफिशचे किंवा तळाशी दगडासारखा पडून राहणाऱ्या स्टोनफिशचे काटे विषारी असतात. मऊ झुलणाऱ्या समुद्रफुलात शिरलेला केशरी-पांढरा क्लाउनफिश बघायचा असेल तर हातभर लांब स्थिर थांबा. तो आत पळतो, दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा बाहेर येऊन तुमच्या मास्कसमोर उभा राहतो. पाव-बिस्किटं टाकून मासे जमवणारा कोणी भेटला तर नको म्हणा. मेलेला प्रवाळाचा तुकडाही खिशात घालू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

१०. वर आल्यावर

वर येताना कानात फुंकायचं नाही, हवा आपोआप बाहेर पडते. कानात थोडं पाणी राहिल्यासारखं दिवसभर वाटू शकतं, नाकातून रक्ताची बारीक रेघही येते. दोन्ही बहुधा किरकोळ. कान दुसऱ्या दिवशीही बंद असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टर.

सांध्यात खोल दुखणं, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे, नेहमीपेक्षा फार थकवा यांतलं काही त्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी जाणवलं तर सेंटरला लगेच फोन करा. ट्राय डाइव्हच्या खोलीला हे क्वचितच होतं, पण झालंच तर ऑक्सिजन आणि रीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे शरीरावर पुन्हा दाब देणारी बंद खोली, हा उपाय आहे. असा चेंबर पोर्ट ब्लेअरच्या आयएनएचएस धन्वंतरी या नौदलाच्या रुग्णालयात आहे.

व्हिडिओ तिथल्या तिथे फोनमध्ये घ्या. ‘नंतर लिंक पाठवतो’ म्हटलेल्या फाइली बेटाच्या नेटवर पोचायला कधी कधी आठवडे लागतात.

आणि आवडलं, तर पुढची पायरी ओपन वॉटर कोर्स. तीन ते चार दिवस, समुद्रात चार डाइव्ह, १८ मीटरपर्यंतची परवानगी आणि जगभर चालणारं प्रमाणपत्र. थिअरी घरूनच ऑनलाइन संपवून गेलात तर बेटावरचा वेळ वर्गात जात नाही. इथे मात्र पोहता यावं लागतं: न थांबता २०० मीटर, किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्कल लावून ३०० मीटर, आणि दहा मिनिटं कशालाही न धरता तरंगणं. वेळेची अट नाही, कुठल्याही पद्धतीने पोहा. आपल्या गावच्या तलावात महिनाभर आधी दोघांनीही हे करून बघा, आणि एकालाच जमलं तर त्या एकाचाच कोर्स बुक करा.